टर्कीच्या पंखाखालचा इन्स्पेक्टर

एतेल्का आता सत्याऐंशी वर्षांची आहे. कालचं जेवण तिच्या लक्षात राहत नाही, पण एकोणीसशे सदुसष्टचा तो उन्हाळा तारखांसकट पाठ आहे. ज्या शेतात तेव्हा लसूणघास होता तिथे आता सूर्यफूल लावतात, आणि ज्या अंगणात ते सगळं घडलं तिथे शेजाऱ्याची मोटार उभी असते. सून तिला म्हणते, "आई, तुम्ही परत परत तेच काय सांगता." एतेल्का म्हणते, "मग तू नवीन काहीतरी घडव, मी ते सांगेन."

तिचा नवरा अम्ब्रुश तेव्हा सहकारी शेतीच्या कापणीयंत्रावर होता. गल्लीत त्याला रेडिओ म्हणत. संध्याकाळी टेबलाशी बसला की सुरू व्हायचा: बांधावर कोल्हीण दिसली, तिला चार पिल्लं आहेत, पलीकडच्या गावच्या मेकॅनिकनं गिअर उलटा बसवला, करकोचा बेडूक गिळताना ठसकला. त्याची आई बोरबाला म्हणायची, "अरे, घास तरी गिळ. नाहीतर तूही ठसकशील." एतेल्का ऐकत नसायची. भांडी विसळत असायची, मागे त्याचा आवाज चालू असायचा. घरात घड्याळ असतं तसा.

चोवीस मे, बुधवार. घासाची पहिली कापणी. माळढोकाची मादी अंड्यांवर बसली की शेवटपर्यंत उठत नाही, जमिनीला चिकटून बसते, आणि रंगही मातीचाच. अम्ब्रुशला हे माहीत होतं. वीस वर्षं तो त्या माळावर होता. तरी त्या दिवशी ऊन समोरून होतं आणि पात्याखाली काय गेलं ते त्याला नंतर दिसलं.

दुपारी बारालाच तो चालत घरी आला. यंत्र शेतातच सोडून. टोपीत लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळलेली दोन अंडी होती, शेवाळी हिरवी, वर तपकिरी डाग.

"अजून गरम आहेत," तो म्हणाला. "आई, तुझी टर्की खुडूक आहे ना?"

त्यानंतर सतरा दिवस त्याच्या तोंडून पुरतं वाक्य आलं नाही.

बोरबालाची टर्की अंड्यांवर बसण्यात गल्लीत नाव कमावून होती. बदकाची अंडी दिली तरी बसे, गूसची दिली तरी बसे. आठवडाभर ती रिकाम्या टोपलीत खुडूक होऊन बसलेली होती, तिच्याखाली अंडी ठेवायला बोरबाला रविवारची वाट बघत होती. आता बोरबाला बुधवारीच कामाला लागली. दोन अंडी उजेडाकडे धरून तिनं पाहिली. "आत जीव आहे. दहा-बारा दिवसांचा असेल." मग ती फडताळाकडे गेली आणि कोंबडीचं एक अंडं घेऊन आली.

"हे कशाला, आई?" एतेल्कानं विचारलं.

"जोडीनं अंडी ठेवत नाहीत. तीन, पाच, सात. समसंख्येला यश नाही. माझ्या आजीपासून असंच आहे."

"पण माळढोक काय मोजून घालतो?"

"म्हणून तर रानात इतके मरतात."

तीन अंडी टर्कीखाली गेली. अम्ब्रुश दारात उभा होता. टोपी हातातच होती. टर्कीनं चोचीनं अंडी पोटाखाली ओढून घेतली तेव्हा तो वळला आणि मागच्या दारानं निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो कापणीवर गेला नाही, कार्यशाळेत नटबोल्ट घासत बसू लागला. शेतीवरचा मुकादम गेदेओन समजावायला आला.

"अरे, एक पक्षी गेला. माझ्या पात्याखाली ससे किती गेले त्याचा हिशोब नाही. दुसरी कापणी जुलैच्या तीन तारखेला आहे. मला सरळ ओळीत चालवणारा माणूस तू एकटा आहेस. येणार की नाही?"

अम्ब्रुशनं खांदे उडवले. गेदेओन एतेल्काकडे वळला. "वहिनी, रेडिओचे सेल संपले की काय?"

एतेल्का हसली नाही. जेवताना आता चमच्यांचा आवाज ऐकू येत असे, आणि तो आवाज तिला सोसत नव्हता. मनातल्या मनात तिनं सगळी आशा त्या टोपलीवर ठेवली होती: ही दोन जगली तर हा माणूस परत बोलेल.

आठ जूनला सकाळी दोन्ही पिल्लं बाहेर आली. वाळक्या गवताच्या रंगाची, पाठीवर काळ्या रेघा. दुपारपर्यंत उभी राहिली. टर्की मात्र उठेना. तिच्याखाली तिसरं अंडं होतं, कोंबडीचं, त्या बुधवारी ताजं ठेवलेलं, आणि ते फुटायला अजून सहा दिवस होते. पोटाखाली अंडं असेपर्यंत ती कशी उठणार? पिल्लं तिच्याभोवती फिरत, मान वर करून तिच्या चोचीकडे बघत, ओरडत, आणि परत पंखाखाली जात. बोरबालानं उकडलेलं अंडं आणि कोवळा पाला बारीक चिरून समोर ठेवला, टर्कीच्या पिल्लांना ठेवतात तसा. त्यांनी त्या खाण्यावर पाय दिले, चोच लावली नाही.

दहा तारखेला सकाळी एक पिल्लू थंड पडलेलं मिळालं.

बोरबाला बराच वेळ टोपलीपाशी ओणवी राहिली. मग तिनं टर्कीखाली हात घातला, कोंबडीचं अंडं काढलं आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिलं.

"माझ्या आजीला काय कळत होतं," ती म्हणाली. "तिची सोळातली नऊ पोरं गेली."

टर्की उठली. अंगणात आली, दाणे टिपून खाली टाकू लागली, पिल्लाला बोलावू लागली. आई म्हणून तिच्यात काही उणं नव्हतं. पण पिल्लू दाण्यांकडे बघेचना. ते तिच्या चोचीकडेच बघायचं, मान वर करून, चोच उघडून. दुपारपर्यंत त्याला नीट उभंही राहता येईना.

एतेल्का कार्यशाळेत गेली. अम्ब्रुश बाकावर बसून घासकागदानं लोखंड घासत होता.

"चल. पिल्लू बघायला."

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"एक मेलंय. दुसरं आज मरेल. बघायचं नसेल तर बघू नकोस, पण मग जन्मभर असाच बसणार आहेस का? मला तेवढं सांग. म्हणजे मी पण तशी सवय करून घेते."

कार्यशाळेतले बाकीचे दोघे एकदम फार कामात असल्यासारखे झाले. अम्ब्रुश उठला.

सतरा दिवसांत पहिल्यांदा तो टर्कीजवळ गेला. पिल्लानं मान वर केली, चोच उघडली. तो पाहत राहिला. मग कुंपणालगतच्या गवतात शिरला, टोपी दोनदा आपटली आणि एक टोळ पकडून आणला. त्याचे मागचे पाय तोडले, अंगठा आणि बोटात धरला आणि पिल्लाच्या डोक्याच्या जरा वर नेला. पिल्लानं तो बोटांतून ओढून घेतला.

"जमिनीवर नाही टाकत ती," अम्ब्रुश म्हणाला. "माळढोकाची मादी चोचीतून चोचीत देते. पहिले काही आठवडे. मी यंत्रावरून रोज बघतो."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" बोरबाला म्हणाली.

"मी इकडे बघितलंच नव्हतं, आई."

त्या दिवसापासून पिल्लाला दोन आया झाल्या. ऊब टर्कीची, घास एतेल्काचा. पहाट झाल्यापासून दिवस मावळेपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासानं. शाळेतून येणारी पोरं काडेपेट्यांतून टोळ आणून देत. सुरुवातीला टर्की एतेल्काच्या हातावर चोच मारायची, आठवडाभरात तिनं तो हात मान्य केला. पिल्लू वाढलं. सावकाश, एकेक पाय मोजून टाकत, छाती पुढे काढून चालू लागलं. थांबायचं, डावीकडे बघायचं, नापसंतीनं मान फिरवायचं.

"हा जिल्ह्यावरून तपासणीला आलेला दिसतो," बोरबाला म्हणाली. "इन्स्पेक्टर."

नाव तेच पडलं.

अम्ब्रुश आता थोडं थोडं बोलू लागला होता, पण फक्त त्याच्याबद्दल. इन्स्पेक्टरनं आज किती टोळ खाल्ले, इन्स्पेक्टरला पिसं फुटली. पूर्वीचा रेडिओ नव्हता तो. एकच स्टेशन लागत होतं. एतेल्काला तेही पुष्कळ वाटे, आणि भीतीही वाटे.

तीन जुलैला तो यंत्रावर चढला. एका अटीवर. एतेल्कानं हातात काठी घेऊन पुढे चालायचं, घास हलवत, आणि तो सर्वांत खालच्या गिअरमध्ये मागून येणार. ती निघाली तसा भरवणाऱ्या हातामागे इन्स्पेक्टर निघाला, इन्स्पेक्टरमागे त्याला हाका मारत टर्की, आणि त्यांच्यामागे धडधडत यंत्र. गेदेओन बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"ही कापणी आहे की वरात?"

"वाजंत्री मागून येतेय," एतेल्का म्हणाली.

त्या दिवशी नेहमीच्या निम्मंच शेत कापून झालं. पण दोन घरटी सापडली, एक तितराचं आणि एक माळढोकाच्या दुसऱ्या विणीचं, आणि दोन्हींभोवती अम्ब्रुशनं खोलीएवढा घास उभा सोडला. पुढच्या वर्षीपासून आणखी दोन बायका काठ्या घेऊन पुढे चालायला येऊ लागल्या. कुणी हुकूम काढला नव्हता.

जुलैच्या मध्याला टर्की संध्याकाळी पुन्हा तुतीच्या फांदीवर झोपायला जाऊ लागली. वर बसून इन्स्पेक्टरला बोलवायची. माळढोकाच्या पायाला मागचं बोट नसतं, त्याला फांदी धरता येत नाही. तो खाली उभा राहून वर बघत राही. तीन संध्याकाळी असं झालं. चौथ्या दिवशी टर्की खाली उतरली आणि कुंपणाला टेकून जमिनीवर बसली, आणि पुढं तिथंच झोपू लागली.

"कोल्ह्याची भीती आहे, वेडे," बोरबाला तिला म्हणाली, आणि दोघांभोवती फळ्यांचा आडोसा केला.

ऑक्टोबर आला. इन्स्पेक्टर बोरबालाच्या कमरेपर्यंत आला होता. पंख मारत घरापासून नदीच्या बांधापर्यंत उडत जाई, आणि परत येई. तोवर तो स्वतः पाला खाऊ लागला होता, पण एतेल्काच्या हातातून काही मिळाल्याशिवाय त्याचा दिवस सरत नसे. नदीपलीकडच्या मोहरीच्या शेतात माळढोकांचा थवा उतरू लागला होता, तीसेक पक्षी. रोज सकाळी एतेल्का आणि अम्ब्रुश त्याला तिथवर चालवत नेत. तो थव्याकडे जाई, शंभर पावलांवर थांबे, आणि वळून एतेल्काकडे येई.

अम्ब्रुशनं घरामागे फळ्या आणून टाकल्या. हिवाळ्यासाठी खोपटं बांधणार होता. त्या खोपट्याबद्दल तो जेवताना सांगू लागला: वाऱ्याची दिशा, पेंढा किती. एतेल्का ऐकत होती. खोपटं झालं की तो बोलत राहणार, हे तिला कळत होतं. आणि तो पक्षी आपल्या हातातल्या घासासाठीच परत येतो, हेही.

दुसऱ्या दिवशी मोहरीच्या बांधावर तिनं हात एप्रनच्या खिशात घातला आणि बाहेर काढला नाही. इन्स्पेक्टर आला, खिशाला चोच लावून उभा राहिला.

"दे की," अम्ब्रुश म्हणाला.

"काही नाहीये."

"सकाळी मीच किडे गोळा करून डबा भरून ठेवला होता."

"घरी ठेवलाय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती थव्याकडे बघत राहिली. असे चार दिवस गेले. चारही दिवस अम्ब्रुश पूर्ण वाट गप्प चालला. फळ्या तशाच पडून राहिल्या.

पाचव्या दिवशी इन्स्पेक्टर तिच्याकडे आला, खिशाकडे एकदा बघितलं, आणि वळला. शंभर पावलांवर थांबला. पुढे गेला. थव्यातल्या दोन मोठ्या नरांनी माना वर केल्या. त्यानंतर कोण कुठला ते ओळखू येईना. थवा उडाला तेव्हा दोघांनी मोजायचा प्रयत्न केला. त्याचे एकतीस झाले, तिचे तेहेतीस.

घरी बोरबालानं राजम्याचं सूप केलं होतं. अम्ब्रुश बसला. चमचा उचलला, खाली ठेवला. एतेल्का त्याच्या मागे उभी होती. भांडी घासलेलीच होती, तरी ती विसळत राहिली.

"बांधावर एक म्हातारा नर होता बघ," अम्ब्रुश म्हणाला, "चोचीखालची मिशी एका बाजूनं झडलेली. तो दर हिवाळ्यात त्याच जागी असतो. आणि पूल ओलांडताना तो मेकॅनिक भेटला, म्हणतो नवीन ट्रॅक्टर येणार, पण सीट अशी की दोन तासांत कंबर मोडेल. मी त्याला म्हटलं..."

"अरे, जेव की आधी," बोरबाला म्हणाली.

पण तो थांबला नाही. कापलेल्या घासात परवा दिसलेल्या सशाचा विषय निघाला, मग गेदेओनच्या घोडीची गोष्ट निघाली. एतेल्कानं त्याच्या वाडग्यातलं गार झालेलं सूप पातेल्यात परत ओतलं, ढवळलं, आणि गरम वाढलं. तो बोलतच होता.