ड्रमची दुसरी बाजू

मी चांगली वाजवते. हे आधीच सांगून टाकते, कारण लाजत-मुरडत सांगणं मला जमत नाही. विद्यापीठात माझा विषय तालवाद्यवादन, म्हणजे ड्रम, झांजा, लाकडी पट्ट्या, काठीने किंवा हाताने वाजेल ते सगळं. बाबांना हे अजून पचलेलं नाही. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, की आमची धडधड, म्हणजे मी, कॉलेजात बडवाबडवी शिकते. प्रेमाने ऐकवतात, पण ऐकवतात.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चाळणी लागते. परीक्षेत टिकलात तर पुढे वादन हाच मुख्य विषय, आणि दर आठवड्याला सरांकडची एकेकट्याची शिकवणी चालू. नाही टिकलात तर संगीत-शिक्षकांच्या वर्गात रवानगी. बाबांना मनातून तेच हवं होतं, कारण त्यात पगार आहे, सुट्ट्या आहेत आणि डोक्याला ताप नाही. मला ते नको होतं. मला मंचावर वाजवायचं होतं आणि सरांकडे शिकणं सोडायचं नव्हतं.

सरांची खोली इतकी चिंचोळी, की तिथे पूर्वी झाडू-बादल्या ठेवत असणार अशी माझी खात्री आहे. इतर ठिकाणी ड्रम वादकाच्या भोवती अर्धगोलात मांडतात. तिथे तेवढी जागाच नव्हती, म्हणून पाच ड्रम सरळ एका ओळीत. सर भिंतीच्या बाजूला उभे, मी दाराच्या बाजूला, मध्ये ड्रम. ते एक ओळ वाजवायचे, मग तीच मी वाजवायची. बोलणं जवळजवळ नाहीच. चुकलं की त्यांची भुवई वर जायची आणि जमलं की ते "हं" म्हणायचे. त्या एका "हं"साठी मी मनगटं मोडून घेतली आहेत.

बाकीची मुलं सरावाच्या दालनात एकमेकांच्या पायात पाय घालून वाजवायची. मला मात्र सरांनी आपल्या खोलीची किल्ली दिली होती. मी ती बोटात फिरवत सगळ्यांसमोरून जायची. परीक्षेची रचना मी अख्खीच्या अख्खी त्या खोलीतच, दाराच्या बाजूच्या माझ्या नेहमीच्या जागी उभी राहून बसवली. शेवटी शेवटी ती मला डोळे मिटूनही येत होती.

परीक्षकांना हात नीट दिसावेत म्हणून परीक्षेला सभागृहातही पाच ड्रम एका ओळीत मांडले होते. सगळ्यांना रचना एकच, म्हणून मांडणीही एकच. माझा नंबर आला तेव्हा बाबा मधल्या रांगेत होते, दुकानाला कुलूप लावून आले होते. सर सगळ्यात मागे. पुढच्या टेबलाशी तीन परीक्षक. मी ड्रमच्या मागे जाऊन सभागृहाकडे तोंड करून उभी राहिले. वाजवण्याआधी काठी हलकेच टेकवून बघायची मुभा असते. रचना सुरू होते सगळ्यात मोठ्या ड्रमवर, म्हणून मी उजवा हात टाकला. आवाज आला किरकोळ, टक्.

तिथे सगळ्यात लहान ड्रम होता.

आधी वाटलं, कोणीतरी ठेवताना घोळ घातला. मग डोक्यात प्रकाश पडला. घोळ कोणीच घातला नव्हता. सरांच्या खोलीतले ड्रम सरांच्या बाजूने अगदी बरोबर लावलेले होते, मोठा त्यांच्या डावीकडे, लहान उजवीकडे. मी समोर उभी, म्हणजे मला सगळं उलटं. स्वरलिपीत फक्त कोणता ड्रम ते लिहिलेलं असतं, तो कोणत्या हाताला आहे ते हातांनी शिकायचं असतं. माझे हात उलटं शिकले होते. आणि सरांना त्यांच्या बाजूने ओळ नेहमीसारखीच दिसायची, मग त्यांना तरी कसं कळावं?

तो एक "टक्" ऐकून सर मागे ताडकन उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. मला माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

ओळ फिरवता येईल का, असं मी मंचावरच्या व्यवस्थापकाला विचारलं. तो म्हणाला, माइक जागच्या जागी बांधलेत आणि तुझ्यामागे अजून मुलं आहेत. मुख्य परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सुरुवात करायची नसेल तर पुढचं नाव पुकारते म्हणाल्या. खोटं कशाला सांगू? रचना तशीच वाजवली असती तर दुसऱ्याच ओळीत हात एकमेकांत अडकले असते आणि मी थेट शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसले असते.

मग मला राग आला, आणि रागात मला नेहमीच बरं सुचतं. ड्रम हलत नव्हते, पण मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मी ओळीला वळसा घालून पुढच्या बाजूला आले आणि परीक्षकांकडे पाठ करून उभी राहिले. मोठा ड्रम उजव्या हाताला आला. सभागृहात खसखस पिकली. त्यात बाबांचं हसू मला ओळखू आलं.

"आम्ही तुमची पाठ तपासायला बसलोय का?" मुख्य परीक्षक म्हणाल्या. "हात कसे दिसणार?"

"हात बघायचे असतील तर वर या, मॅडम," मी मान वळवून म्हणाले. "ड्रमच्या मागे जागा भरपूर आहे."

मी हे किती गोड आवाजात म्हणाले ते आता आठवत नाही. फार गोड नसावा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, जिन्यावर पावलं वाजली आणि बाई ड्रमच्या पलीकडे, माझ्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. मागोमाग उरलेले दोघेही आले. हाताची घडी, ओठ घट्ट, नजर माझ्या मनगटांवर. समोर उभं राहून असं कोणी बघणं ही माझ्या सवयीचीच गोष्ट होती. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आणि मी वाजवलं. झोकात वाजवलं. शेवटचा ठोका पडला तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती आणि ती सगळ्या सभागृहाला दिसत होती, तर दिसू दे.

बाई खाली उतरल्या, पण टेबलाशी न थांबता मधल्या वाटेने सरळ मागे सरांपाशी गेल्या. मीही काठ्या घेऊन धावत मागे गेले.

"डावं मनगट अजून कडक आहे हिचं," त्या सरांना म्हणाल्या. "पुढच्या वर्षी त्याच्यावर मेहनत घ्या."

सरांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"घेऊ, मॅडम," मी म्हणाले.