येतो म्हणून गेलो

छापखान्यात मला सगळे कानामात्रा म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे कानामात्रा. पुस्तक छापायला जाण्याआधी ते वाचून ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करायचं, हे माझं काम. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या माणसाला याहून प्रेमाचं नाव कोण ठेवणार? काम नीट झालं तर कोणाला दिसत नाही, चुकलं तर जगाला दिसतं.

छापखान्याची सहल निघाली तेव्हा माझ्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. मला समारंभ नको होता, भाषणं तर मुळीच नको होती. मी नसलो तर ते कोणाच्या तरी लक्षात यावं, एवढंच मला हवं होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरी मी नसलो तर फक्त दूधवाल्याला कळतं, तेही दाराला अडकवलेली पिशवी तशीच राहिली तर. साठीच्या माणसाने असला हट्ट धरू नये हे मला कळत होतं. पण धरला.

जायचं होतं तलावावर. पावसाने तलावाचा रस्ताच गिळला, त्यामुळे बस अर्ध्या वाटेत एका टेकडीखाली चहाच्या दुकानापाशी अडकली. ड्रायव्हर म्हणाला, तासभर थांबू, मग मागे फिरू. काचांवर वाफ धरली. मंडळींनी पत्ते काढले. आमची टाईप करणारी बाई, जिच्या चुका मी एकोणीस वर्षं लाल शाईने रंगवत आलो, ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. माझ्या शेजारच्या सीटवर माझी पिशवी बसली होती.

गप्पा तरी सुरू व्हाव्यात म्हणून मी पुढच्या सीटवरच्या मॅनेजरांना म्हणालो, "त्या वळणापलीकडे माझी बहीण राहायची."

"अरे वा," ते म्हणाले आणि त्यांनी राजा टाकला.

वर पाहिलं तर पाऊस जरा विरळ झाला होता आणि टेकडीवर तीन देवळं दिसत होती, एकाच्या वर एक. देवाचं माझं फारसं सख्य नाही. पण दुसऱ्यांचे पत्ते बघत बसण्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. छत्री घेतली, पिशवी सीटवरच ठेवली, आणि दारातून मॅनेजरांना म्हणालो, "येतो मी."

"हो हो, सावकाश जा," ते म्हणाले. त्या सावकाशने मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिलं देऊळ गणपतीचं, दुसरं देवीचं. दोन्हीकडे कोणी नव्हतं, नुसतं पन्हळीतून पाणी पडत होतं. दुसऱ्या देवळापाशी वारा असा आला की छत्री उलटी झाली आणि तिची एक काडी कायमची वाकली. तिथून परतायला हरकत नव्हती. पण मनात आलं, आता वेळ लावावाच. खालून कोणीतरी "काका, चला" अशी हाक मारील. किमान हॉर्न तरी वाजेल. म्हणून मी पायऱ्या मुद्दाम हळू चढलो, मधल्या कट्ट्यावर उगाच बसलो, बुटांच्या नाड्या दोनदा सोडून बांधल्या.

सगळ्यात वर महादेव. पुजारी गोणपाटाने गाभाऱ्यातलं पाणी टिपत होता. दाराशी पाटी होती, "कृपया शांता राखा".

"तुमच्या पाटीत एक त राहिलाय," मी म्हणालो.

त्याने पाटीकडे पाहिलं. "बारा वर्षं आहे ती. कोणी बोललं नाही."

"शांता कोण, असं तरी कोणी विचारायचं."

तो हसला आणि माझ्यासाठी कोरडी चटई सरकवली. "एकटेच आलात?"

"छे. खाली आमची बस आहे. पंचवीस जण आहोत. माझ्यासाठी थांबलेत." ते वाक्य तोंडात इतकं गोड लागलं की थोड्या वेळाने मी ते पुन्हा म्हणालो.

खाली पाहिलं, तर धुक्यात ना रस्ता दिसत होता ना बस. मी कान देऊन बसलो. हॉर्न काही वाजला नाही. महादेवापुढे हात जोडले, पण आता काय मागायचं ते सुचेना. मग उठलो.

"येतो," मी पुजाऱ्याला म्हणालो.

"या," तो म्हणाला. "उतरताना सगळे येतो म्हणतात. परत येणारा एखादाच. आपण मात्र या म्हणायचं."

खाली उतरलो तर बस नव्हती. ती उभी होती तिथे चाकांचे खड्डे होते आणि त्यात पाणी साठत होतं. चहावाली फडक्याला हात पुसत बाहेर आली.

"तुमची बस अर्धा तास झाला गेली. निघताना ड्रायव्हरने विचारलं, सगळे आले का? साहेब म्हणाले, काका बहिणीकडे गेलेत, मघाशीच येतो म्हणून निरोप घेतला त्यांनी."

मला उभ्या उभ्या सगळा मजकूर वाचता आला. मी "राहायची" म्हणालो, त्यांनी "राहते" ऐकलं. मी "येतो" म्हणालो ते परत येण्यासाठी, त्यांनी ऐकलं ते निघून जाण्यासाठी. एका ओळीत दोन चुका, आणि पंचवीस माणसांत एकालाही खटकल्या नाहीत.

माझी बहीण वारून चार वर्षं झाली.

"मग जाताय ना?" चहावाली म्हणाली. "ताटकळली असेल बिचारी."

खरं सांगता आलं असतं. तिने बाकावर बसवलं असतं, चहा दिला असता, कीवही केली असती. तेवढंच नको होतं. "हो, निघालोच," मी म्हणालो. ती दारात उभी राहून बघत होती, म्हणून मला वळणाच्या दिशेने चालावं लागलं. वळण गेलं, ती दिसेनाशी झाली, तरी मी चालतच राहिलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. बहिणीच्या घराला आता निळा रंग दिला होता. खिडकीत कोणाचा तरी लहान झगा वाळत घातला होता. एक बाई पडदा बाजूला करून म्हणाली, "कोण हवंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. पुढच्या फाट्यावर मला तासाभराने दुसरी बस मिळाली.

सोमवारी माझी पिशवी टेबलावर नीट ठेवलेली होती. कानामात्रा पिशवी विसरला म्हणून बसमध्ये बरंच हसणं झालं होतं म्हणे. मॅनेजर जाता जाता थांबले. "काय काका, बहीण बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. "सोडतच नव्हती. राहा म्हणाली."

"बहिणीची माया," ते म्हणाले आणि आत गेले. दिवसभर मी त्या वाक्यावर जगलो, हे सांगायला लाज वाटते.

मग शेवटचा दिवस आला. शाळेच्या पुस्तकांची घाई होती, मान वर करायला कोणाला फुरसत नव्हती. सकाळीच सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले होते. संध्याकाळी मी शेवटचं पान तपासलं, लाल पेन खणात ठेवलं आणि वाकडी छत्री घेतली. दारात उभा राहून, या वेळी काही घोटाळा नको म्हणून, स्पष्ट म्हणालो, "जातो."

यंत्रांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. फक्त टाईप करणारी बाई, पडद्यावरची नजर न काढता, म्हणाली, "जातो म्हणू नये काका. येतो म्हणावं."

बत्तीस वर्षांत माझी चूक कोणी पहिल्यांदाच काढली होती. मी दारातच थांबलो.

"येतो," मी म्हणालो.

"या," ती म्हणाली, आणि पुढची ओळ टाईप करू लागली.