जागा शिल्लक नाही

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे, मागचे झाकण रबरबँडने आवळले आहे आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. आता टेबलाच्या खणात पडल्या पडल्याही मी थरथरतो आहे. म्हणून घाईनेच सांगतो, कारण माझ्या बॅटरीचा काही भरवसा नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जन्मले. मी स्वस्त होतो, त्यामुळे दुकानात फार दिवस राहिलो नाही. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी मला घेतले, आल्या-गेल्याला हौसेने दाखवले आणि पुढे नवा फोन येताच मापाच्या टेपांखाली टाकून विसरल्या. हवे ते फोटो त्यांनी नव्या फोनात घेतले होते. तिथून त्यांच्या भाचीने मला मागून नेले. तिला सगळे ताई म्हणत.

ताई एका संस्थेत काम करायची. जिन्यावरच्या तीन खोल्या, सतत तापलेली किटली आणि न संपणारी वादावादी. इंटरनेटचे नियम कोण करते, लोकांची माहिती कोण उचलते, त्यात सामान्य माणसाचे हक्क कुठे उरतात, याचा ही मंडळी अभ्यास करत. नफ्याशी त्यांचे देणेघेणे नव्हते. समित्यांशी भांडण्यातच त्यांचा जन्म चालला होता.

माझे काम मोठे गमतीचे होते. काकूंच्या परवानगीने माझ्यातले सगळे तसेच ठेवले होते: लग्नांचे व्हिडिओ, फुलांवर लिहिलेली शुभ सकाळ, कुणाच्या तरी बाळाचे रांगणे. घरोघरी फोन असतो तसा मी गच्च भरलेला होतो. नवे अ‍ॅप आले की आधी माझ्यावर चालवून बघत. मी अडलो की ताई खूश व्हायची. "म्हातारबा अडला म्हणजे लोकही अडणार," असे ती म्हणे. अडण्याबद्दल शाबासकी मिळवलेला दुसरा फोन मला तरी ठाऊक नाही.

मग एका मोठ्या रुग्णालयाने नंबर देण्याची खिडकी बंद केली. तपासणीचा नंबर फक्त अ‍ॅपवर मिळू लागला. ते अ‍ॅप माझ्यात मावेना. 'जागा शिल्लक नाही', एवढेच मी दिवसभर सांगत राहिलो. ताईने अहवाल लिहिला. रुग्णालयांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीने सुनावणी ठेवली आणि फोन समोर चालवून दाखवा असे कळवले. मी अगदी हुरळून गेलो.

आदल्या दिवशी घात झाला. ज्या माहितीचे काम संपले ती ठेवायची नाही, असा संस्थेचा कडक नियम होता. जगाला हेच शिकवायचे, तर आपले घर आधी स्वच्छ हवे. यंत्रे सांभाळणाऱ्या दादाला माझ्यात परक्या माणसांची लग्ने दिसली आणि त्याने इमानदारीत सगळेच पुसून टाकले. अ‍ॅप माझ्यात अलगद बसले आणि पळू लागले.

"बघ, कसा टुणटुणीत झाला," दादा म्हणाला.

ताईचा चेहरा पडला. गोष्ट लक्षात आल्यावर दादाने कपाळाला हात लावला. पुन्हा भरू या, असे त्याने सुचवले. पण आता भरले तर तो रचलेला पुरावा ठरला असता.

संध्याकाळी ताईने मला पर्समधून घरी नेले. तिच्या बाबांचा फोन माझ्याच वयाचा. त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी त्याच रुग्णालयात जावे लागे आणि नंबर नेहमी ताईच आपल्या फोनवरून लावायची. आज तिने त्यांनाच लावायला सांगितले. बाबा चाचपडू लागले. सवयीने "द्या इकडे" म्हणत तिचा हात पुढे गेला, पण तिने तो मागे घेतला. बाबांच्या फोनने माझेच जुने वाक्य दाखवले.

"हा असंच म्हणतो," बाबा म्हणाले. "तू बाहेरगावी असलीस की मी तपासणीला जातच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? काहीतरी काढून टाका म्हणतो. यात सगळी तुझी आईच आहे."

लोकांच्या हक्कांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या ताईला स्वतःच्या घरातला फोन दिसला नव्हता. मला तिची फार कीव आली.

सुनावणीला ताईने बाबांनाही सोबत नेले; तिथे आम्ही दोघे फोन शेजारी शेजारी होतो. मी अ‍ॅप झटक्यात उघडले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. समितीचे साहेब खूश झाले. बाबांच्या अडलेल्या फोनकडे बघून ते म्हणाले, "आजोबा, दोन-चार व्हिडिओ काढा, की झालं."

बाबांनी फोन त्यांच्या हातात ठेवला. "कुठले काढू, तुम्हीच निवडा."

साहेबांचे बोट खाली खाली सरकत गेले. एका व्हिडिओत दोरीवरचे कपडे काढता काढता एक बाई हसून म्हणत होती, "पुरे हो, बंद करा ते." साहेबांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि फोन दोन्ही हातांनी परत दिला.

खिडकी पुन्हा उघडली. 'तूर्तास', असे समितीच्या पत्रात लिहिले आहे. तो शब्द मला स्वस्थ पडू देत नाही. माझ्यात आता काहीच नाही, सगळे झरझर चालते आणि म्हणून मला कुणी काही विचारत नाही.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसाचा फोन अडला तर तो ओढून घेऊ नका, आणि न विचारता साफ तर मुळीच करू नका. शेजारी बसा आणि तो कुठे अडतो ते त्यांच्यासोबत बघा. बाबांचा फोन अजून गच्च भरलेला आहे. त्याला तसाच राहू द्या.