मॅडमचं पित्ताशय

गिरिजा अंगडींनी सोनोग्राफीची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि खालचं नाव अंगठ्याने झाकलं. नाव झाकलं की ते पित्ताशय कुणाचंही वाटत होतं. खड्यांनी भरलेलं, भिंत जाड, आजूबाजूला चिकटलेलं. हुबळीतल्या निम्म्या घरांतली असली पित्ताशयं त्यांनी दुर्बिणीतून काढली होती. अंगठा बाजूला झाला, की खाली त्यांचंच नाव.

"मॅडम, रोबोटने करू या," समोर बसलेला डॉ. प्रसन्न उप्पिन म्हणाला. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"का रे? माझ्या पोटात असं काय अवघड आहे?"

"फार चिकटलंय. रोबोटची अवजारं मनगटासारखी वळतात. आतलं सगळं थ्रीडीत दिसतं."

"भोकं किती?"

"तेवढीच."

"घरी कधी सोडशील?"

"कशानेही केलं तरी दुसऱ्या दिवशी."

"मग? पित्ताशयाला रोबोटने फारसा फरक पडत नाही, असं परिषदेत तूच बोललास. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

प्रसन्न हसला नाही. एरवी हसला असता.

कॉफी घेऊन आलेल्या चन्नबसप्पांनी तेवढ्यात बायकोला टोमणा मारून घेतला. "भाच्याच्या लग्नात तुपात बुडवून पुरणाचे होळिगे हाणताना कुठं गेली होती ही डॉक्टरकी?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बेंगळुरूला जाऊ या का ग? तिथं मोठमोठे आहेत."

"आणि गावाने काय म्हणायचं? बाईचा स्वतःच्या चेल्यावर विश्वास नाही? उद्या कोण पोट देईल याला?"

हे खरंच होतं. पण त्याखाली दुसरं एक खरं होतं, आणि ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. पित्ताशय असं चिकटलेलं असलं की यकृताकडून येणारी मोठी नळी त्याच्या देठासारखीच दिसते. चुकून ती कापली गेली, की माणसाचं जन्माचं वाटोळं. दुसऱ्यांच्या हातून कापलेल्या नळ्या त्यांनी शिवल्या होत्या. अडाण्याच्या भीतीची समजूत तरी घालता येते. त्यांच्या भीतीला सगळंच ठाऊक होतं.

"तू कोपऱ्यात बसून त्या यंत्रात डोकं खुपसणार, आणि इकडे माझं पोट एकटं," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीत जरा ओढलं की ताण हाताला कळतो. मला हात हवा."

प्रसन्नने कप उचलला, आणि न पिताच खाली ठेवला. "संमती दोन्हींची घेतो. तयारीही दोन्हींची ठेवतो. उद्या सकाळी सांगा."

"सकाळी काय वेगळं सांगणार? दुर्बीण."

अवघड शस्त्रक्रियेआधी त्यांचे विद्यार्थी त्यांच्या पाया पडत. "पुरे, पेशंट खोळंबलाय," म्हणत त्या पाय मागे घेत. आज त्या स्वतःच टेबलावर आडव्या होत्या, पाय मागे घ्यायला जागा नव्हती. प्रसन्न पायथ्याशी आला, हिरव्या चादरीखाली हात घालून त्याने त्यांचे पाय धरले.

हात गारठलेले होते. थिएटर थंडच असतं, असं त्यांना आधी वाटलं. मग कळलं, बोटं कापताहेत.

त्या बोटांना त्यांनी टाका धरायला शिकवलं होतं. रक्ताची चिळकांडी उडाली तरी ती कधी हलली नव्हती. प्रसन्न मान खाली घालून तसाच उभा राहिला, आणि कालपासून हा रोबोट रोबोट का करतोय ते त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. त्या यंत्रात हाताचा कंप अवजाराच्या टोकापर्यंत पोचत नाही. जीव गेला असता तरी त्याने हे तोंडाने सांगितलं नसतं.

अजून उठून जाता येत होतं. बेंगळुरूची गाडी दुपारी होती.

"प्रसन्ना," त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "मला भीती वाटते रे. फार वाटते. रोबोटनेच कर."

सिस्टर वळून बघायलाच लागली. मॅडम आणि भीती!

"पण मॅडम, ताण हाताला..."

"गप. पेशंटचं ऐकावं, एवढंही शिकवलं नव्हतं का मी?"

पायांवरची बोटं हळूहळू स्थिर झाली.

"आणि नळीला क्लिप लावून कापायच्या आधी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या थिएटरचा तो नियमच होता.

"अवजारांवरून हात काढतो, मॅडम. पित्ताशयात जाणाऱ्या दोनच नळ्या दिसताहेत ना, हे एकेकाला विचारतो. एकजण जरी नाही म्हणाला, तरी कापत नाही."

"शहाणा आहेस."

तोंडावर मास्क आला. प्रसन्न हात धुवायला निघाला, आणि थबकला. चादरीखाली आता मॅडमचे पाय थरथरत होते. तो परत फिरला आणि त्या झोपेपर्यंत त्याने ते घट्ट धरून ठेवले.