पाडव्याला गळून गेलेलं श्रीखंड

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. जन्म सोलापूरचा. एखाद्या आजोबांच्या खांद्यावर मिरवायचं माझं स्वप्न होतं, पण माझ्या मालकीणबाई सुहासिनीबाईंनी मला दिल्लीला आणलं आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये चक्का बांधायला लावलं. पाडवा-दसऱ्याला मी नळाला लोंबकळत असे, आणि तेव्हा माझ्याइतका मान घरात कोणालाच नसे.

खरं श्रेय जवळच्या मुनिरका गावातून दूध घालणाऱ्या धरमवतीच्या म्हशीचं, भूरीचं. तिच्या दुधाचं दही माझ्यात घट्ट बसे आणि पाहुणे बोटं चाटत.

परदेशी मालाला आपला बाजार नुकताच खुला झाला होता. घरधनी अविनाशराव व्यापार खात्यात होते. रोज जेवताना त्यांचं भाषण ठरलेलं: "तिकडची सरकारं गवळ्यांना अनुदान देतात. मग गाई वाढतात, शेण नद्यांत जातं आणि उरलेल्या दुधाची पावडर स्वस्तात आपल्या गळ्यात मारतात!"

सुहासिनीबाईंनी त्यातला 'स्वस्तात' एवढाच शब्द उचलला. पावडर आली, धरमवतीचं दूध बंद झालं. अविनाशराव पावडरीचा चहा पीत पावडरीविरुद्ध टिपण लिहू लागले. मला हसू येई, पण पंच्याला विचारतो कोण?

पाडव्याला आमच्याच कॉलनीत राहणारी खात्यातली मराठी मंडळी जेवायला येणार होती. आदल्या रात्री पावडरीचं पाणचट दही माझ्यात बांधलं. मी जिवाचं रान केलं. पण सकाळी गाठ सोडली तर माझ्या पोटात मूठभर पांढरा चिखल.

"अगं, चक्का कुठे गेला?" अविनाशराव ओरडले.

"बादलीत," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारात धरमवती आली. हातात दुधाची किटली होती. "बीबीजी, भूरी को कल बेच रहे हैं. सबने पौडर लगा लिया. उसकी जगह बेटा किराये के कमरे बनाएगा. ये आख़िरी दूध है, बच्चों को पिला देना."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी आधीच ओला होतो.

पंगतीत बाईंनी प्रत्येकाला चमचाभर श्रीखंड वाढलं. "हे स्वस्तातलं. दसऱ्याला वाटीभर हवं असेल, तर उद्यापासून भूरीचं दूध लावा. पहिलं नाव आमच्या साहेबांचं!"

साहेबांनी मान खाली घालून हो म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हटलं. बाईंनी जेवायला थांबवून घेतलेल्या धरमवतीने डोळे पुसले आणि लगेच सांगितलं, "पर दूध महँगा पड़ेगा, हाँ!"

मित्रांनो, स्वस्त वस्तू घेताना तिची खरी किंमत कोणाच्या गोठ्यातून जाते, ते एकदा बघा. आणि मला साबण लावून धुऊ नका, त्याचा वास चक्क्याला लागतो. दसरा जवळ आलाय, आणि भूरी अजून मुनिरक्यातच आहे.