उभ्या गाडीचा विमा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही फ्लोरिडाहून मिशिगनला घरी परतलो आणि तिसऱ्याच दिवशी पोस्टासमोर माझ्या नवऱ्याने, हार्लनने, गावातल्या एल्डा कायपरच्या गाडीला मागून धडक दिली. एल्डाला काही झालं नाही, गाडीचा एक दिवा फुटला. पण पोलिसाने आमच्या गाडीचा नंबर तपासला तेव्हा कळलं, की तिचा रस्त्यावरचा विमाच बंद आहे. त्याने हार्लनच्या हातात कोर्टाचा कागद ठेवला आणि गाडी ओढून घरी पाठवली.

अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे राहणाऱ्या आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या दोन्हीकडे एकेक गाडी असते. एक चालते तेव्हा दुसरी गॅरेजमध्ये झाकलेली. तिचा पूर्ण विमा कशाला भरायचा? म्हणून निघण्याआधी एजंटला फोन करायचा: ही उभी करा, ती चालू करा. उभ्या गाडीला चोरी, आग, फार तर अंगावर झाड पडलं तर भरपाई; रस्त्यावर मात्र आणायची नाही. वर्षाला दोन फोन, आणि चौदा वर्षं हे काम हार्लनचं.

"केला होतास का फोन?" मी विचारलं.

"केला असेल. नाहीतर विसरलो असेन. वय झालं, मार्जीन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिवाळाभर हेच चाललं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, शेगडी जळत राहायची, आणि विचारलं की हा थंडपणे म्हणायचा, मीच विसरलो असेन.

आमच्या मुलाने, कर्टने, फोनवर सरळ सांगितलं, "आई, बाबांच्या किल्ल्या काढून घे. आज दिवा फुटला, उद्या कुणीतरी गाडीखाली येईल."

घेतल्या काढून. एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस, आमच्यापासून दुकान नऊ मैलांवर. गाडी गेली की त्याला उरलं काय? त्याने किल्ल्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं. पण बरोबरच वागतेय असंही वाटत होतं.

गाडीचा विमा मी लगेच चालू करून घेतला आणि शुक्रवारी एजंटकडे निघाले. चूक त्यांची निघाली तर किल्ल्या परत देता येतील, एवढीच आशा होती.

"कशाला जातेस?" हार्लन म्हणाला. "चूक माझी, दंड मी भरतो. मिटवून टाक."

"तुझं सगळंच मिटवून टाकायचं. गाडीत बस."

तो शेजारी बसला.

आमची एजंट जनेल, तिच्या आईलाही मी ओळखत होते. तिने संगणकात पाहिलं. "दहा एप्रिलला हार्लनचा फोन आलाय. मिशिगनची चालू, फ्लोरिडाची उभी. सगळं व्यवस्थित."

"म्हणजे घोळ तुमचाच," मी म्हटलं.

"पण बारा तारखेला दुसरा फोन आला, मिसेस वीन्स्ट्रा. त्यात सगळं उलटं करायला सांगितलं. वीस तारखेनंतर आम्ही पत्रही पाठवलं होतं."

पत्र फ्लोरिडाला गेलं असणार. आमची पत्रं नेहमी आम्ही सोडलेल्या घरीच पोचतात.

"कुणी केला दुसरा फोन?"

जनेल माझ्याकडे बघेना. हार्लन हळूच म्हणाला, "राहू दे, जनेल."

"राहू दे काय? तुम्ही फोन रेकॉर्ड करता ना? मग लाव."

तिने लावलं. आवाज माझा होता.

"मार्जीन वीन्स्ट्रा बोलतेय. आम्ही उद्या फ्लोरिडाला निघतोय. इथली गाडी उभी करा, तिथली चालू करा."

"मॅडम, नोंदीप्रमाणे तुम्ही आत्ता फ्लोरिडातच आहात ना?"

"अगं, इथे बर्फ पडायला लागलाय. सांगितलं तेवढं कर."

फ्लोरिडात, एप्रिलमध्ये, पंख्याखाली बसून मी हे बोलले होते. मला तो फोन आठवला नाही. अजूनही आठवत नाही.

बाहेर गाडीपाशी आल्यावर मी किल्ल्या हार्लनला दिल्या.

"तुला माहीत होतं?"

"फोनचं नव्हतं. पोलीस म्हणाला तेव्हा समजलो. बाकीचं डिसेंबरपासून."

"आणि सगळं स्वतःवर घेत बसलास, मूर्खा?"

"मला विसराळू म्हटलं तर मी हसून सोडतो. तुला ते झेपलं नसतं." मग थोडा थांबून म्हणाला, "एल्डाला धडकलो तो मात्र मीच. ऊन डोळ्यांवर होतं."

मला भीती वाटत होती. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. घरी पोचल्यावर कोटसुद्धा न काढता मी कर्टला फोन लावला. हार्लनने फोन मागायला हात पुढे केला, मी दिला नाही.

"कर्ट, बाबांच्या किल्ल्या मी परत दिल्या."

"अगं आई, का?"

मी त्याला सगळं सांगितलं, बर्फाचंसुद्धा.

"ऐकतोयस ना?" मी म्हटलं. "हे नीट लिहून ठेव. मी उद्या फोन करून बाबांची तक्रार केली, तर मलाच वाचून दाखव."