उलट्या पावलांचा वर्ग

कॉलेजच्या साहेबांनो, तुम्हीच काढलंत गुणवंतराव सरांना. इतिहासाचा प्राध्यापक पोरांना चिखलात नेतो, एवढं ऐकलंत आणि काढलंत. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन एकदा पाहिलं का? नाही ना? मग आता ऐका तरी.

सत्तावन्न सालचा श्रावण. चांद्याच्या कॉलेजातले गुणवंतराव सर धोतर गुडघ्यावर खोचून सुगंधाबाईच्या बांधीत, भाताच्या पाणी भरलेल्या शेतात उतरले होते. मागे बी.ए.ची पोरं. पाऊस नुकताच थांबलेला. बांधीच्या पाण्यात सगळं आभाळ उतरलं होतं. रोवणा करणाऱ्या बाया ढगांत हात घालून धान लावताहेत, असं वाटावं.

"मास्तर, पोरायले शिकवाले आणलं का माहा रोवणा खराब कराले?" सुगंधाबाईनं विचारलं.

"दोन्ही, बाई."

"मंग तोंड इकडं करा. रोवणा मागं मागं सरकत करतेत. लावलेलं डोयासमोर पाह्यजे."

हेच तर सरांना दाखवायचं होतं. "इतिहासही असाच करायचा," ते पोरांना म्हणाले. "आजपासून मागे. पहिलं रोप तुमचं, दुसरं आईचं, मग तिच्या आईचं. नाव घ्या, लावा, पाऊल मागे."

"मी मुखरू. माय सखू. आजी भागरता. तिची माय..." मुखरू थांबला. रोप हातातच राहिलं. "सर, मले नाई मालूम."

एकेक करून सगळेच थांबले. आणि सरही. सगळी राजघराणी तोंडपाठ असलेला तो माणूस चौथं रोप धरून ढगांत उभा. 

"राजायचे बाप घडाघडा सांगता, अन् पणजीचं नाव नाई?" सुगंधाबाई हसली. मग तिचं हसू विरलं. "मलेबी नाई मालूम जी. सारे तिले बुढीच म्हणत." तिनं सरांच्या हातातलं रोप घेतलं. "द्या. बिननावाचं लावू. धान तर त्यालेबी येते."

त्याच आठवड्यात तुमचा माणूस तपासणीला आला. सरांची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यानं विचारलं, "मौर्यांपर्यंत कधी पोचणार?"

"पोरं पणजीपाशी अडली आहेत," सर म्हणाले. "रस्ता मौर्यांकडेच जातो."

हे बोलले नसते तर नोकरी राहिली असती. त्यांना ते ठाऊक होतं.

गाव सोडायच्या दिवशी सर ट्रंक घेऊन बांधीवर आले. धान कापून झालं होतं. मधोमध एकच वाकडीतिकडी ओळ उभी होती, धुक्यात सोन्यासारखी.

"हे का ठेवलं, बाई?" सरांनी विचारलं.

"तुमची बिननावाची मानसं हायेत ना तिथी. पोरं नावं आणून राह्यले. ज्याचं नाव आलं, त्याचं कापतो."

मुखरू विळा घेऊन ओळीपाशी वाकला. "जैवंता," तो हळूच म्हणाला, आणि त्या रोपाचा चूड कापून सरांच्या हाती दिला. सर तो छातीशी धरून बसकडे चालू लागले.

मुखरूच्या पणजीचं नाव जैवंता होतं. तुमच्या अभ्यासक्रमात ती कोणत्या पानावर आहे? सांगा.